आठवणींची दुसरी प्रत नसते

दिवसा संगणकात आणि रात्री मल्याळम चित्रपटांत रमणाऱ्या नाशिककर अभियंत्याने 'तन्मात्रा' (2005) घरच्यांसह अवश्य पाहावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या नावाचा 2023 चा पुरस्कार लाभलेल्या मोहनलाल यांनी त्यात अल्झायमरने स्मृती गमावत जाणारा शासकीय कर्मचारी साकारला आहे. संगणकातील माहितीची दुसरी प्रत ठेवता येते. मेंदूतील आठवणींची नाही. म्हणून घरातील वडीलधारे तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले, परिचित वाटेवर गोंधळू लागले, तर 'वय झाले' म्हणून दुर्लक्ष करू नये. थायरॉइडचा विकार किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण असल्यास उपचारांनी सुधारणा होऊ शकते. अल्झायमर बरा होत नाही; परंतु वेळीच निदान झाल्यास पुढील आयुष्याचे निर्णय रुग्णाला स्वतः घेता येतात.