दुखत नाही, म्हणून गोळी चुकते!

दाढ दुखत असली की डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणी विसरतो का? मुळीच नाही! ठणकाच तिची आठवण करून देतो. पण मधुमेह असलेल्या आजोबांना विचारून पाहा, "आजोबा, गोळी घेतलीत का?" पुष्कळदा उत्तर येते, "अरे, आज अगदी छान वाटतंय. उगीच कशाला गोळी?"

आजोबा हट्टी किंवा विसराळू आहेत, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मित्रांनो, त्यांच्या उत्तराचे कारण आपल्या शरीराच्या रचनेतच दडलेले आहे.

भात-पोळीसारख्या पिष्टमय पदार्थांपासून ग्लुकोज ही साखर तयार होऊन रक्तात मिसळते. ती पेशींमध्ये शिरण्यासाठी स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन लागते. इन्शुलिन कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साठते. हाच मधुमेह. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते.

आता मूत्रपिंडांकडे वळू. रक्त गाळताना ती ग्लुकोज परत शोषून घेतात. पण हे काम सुमारे १८० मिलिग्रॅमपर्यंतच नीट चालते. त्यापुढे साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. मग वारंवार लघवी होते, तहान लागते. म्हणजे धोक्याची घंटा वाजते ती १८० च्या पुढे! साखर दीडशे असलेल्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. मात्र ही जादा साखर डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना वर्षानुवर्षे मुकाट्याने इजा करीत राहते.

गोळी चुकली तर आज काही बिघडल्यासारखे वाटत नाही. उलट, घेतली तर? मेटफॉर्मिन या गोळीने सुरुवातीला काहींना मळमळते, पोट बिघडते. दुसऱ्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन सोडायला लावतात. अशी गोळी घेतल्यावर जेवण लांबले किंवा कडकडीत उपास घडला, तर साखर फार खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, क्वचित शुद्धही हरपते. असा अनुभव एकदा आला, की माणूस त्या गोळीची धास्ती घेतो. औषधाचा त्रास आजचा, फायदा मात्र कित्येक वर्षांनंतरचा!

त्यात रक्तदाबाची गोळी वेगळी, जेवणाआधीची वेगळी, रात्रीची वेगळी. महिनाअखेर पैसे संपले, की काही जण एक दिवसाआड गोळी घेतात. इन्शुलिन टोचणाऱ्यांना सुईची भीती असते आणि चारचौघांत संकोचही वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार, दीर्घकाळच्या आजारांत विकसित देशांतही सुमारे निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात.

मग ही मुकी साखर ओळखायची कशी? तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातील हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत राहते. रक्तात साखर जितकी जास्त, तितके चिकटलेले हिमोग्लोबिन जास्त. ते मोजले, की गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून हा हिशेब बदलत नाही!

हा आकडा थोडा उतरला तरी लाभ मोठा होतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली हजारो रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटात हे प्रमाण सरासरी ७.९ टक्के होते, तर काटेकोर उपचारांच्या गटात ७ टक्के. एवढ्याशा फरकाने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले.

तेव्हा घरात कोणाची गोळी चुकली, तर रागावू नका. "का चुकते?" असे विचारा. पोट बिघडते, चक्कर येते की खर्च परवडत नाही? कारण कळले, तर डॉक्टर वेळ, मात्रा किंवा औषध बदलू शकतात. आपल्या मनाने मात्र काही बंद करायचे नाही. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणा आणि रविवारी आजोबांबरोबर बसून ती भरा. बुधवारचा कप्पा गुरुवारीही भरलेला दिसला, तर जी घंटा शरीराने वाजवली नाही, ती तुम्ही वाजवा!