प्रोग्राम उघडताच संगणक रीस्टार्ट का होतो?

टायपिंग करताना, इंटरनेट पाहताना डेस्कटॉप नीट चालतो. पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचा प्रोग्राम उघडला, की बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दर वेळी दोष व्हायरसचाच असतो असे नाही. जड प्रोग्राम सुरू होताच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला एकदम जास्त वीज लागते. जुना किंवा कमी वॅटचा एसएमपीएस ती पुरवू शकला नाही, तर १२ व्होल्टचा दाब घसरतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. हेच काही मिनिटांनी घडत असेल, तर पंख्यातली धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट तपासावी.

अचानक बंद पडण्याने फाइल खराब होऊ शकते. म्हणून आधी बॅकअप घ्या. मग विंडोजच्या सिस्टिम सेटिंगमधील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. त्यानंतर निळी स्क्रीन दिसली, तर ड्रायव्हर आणि रॅम तपासा. तरीही थेट रीस्टार्ट झाला, तर एसएमपीएसवर संशय घ्या व जाणकाराकडून दुसरा लावून पाहा. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमुळे जोराचा शॉक बसू शकतो.