दुसरे कार्ड, पण मर्यादा एकच

हिंगोलीहून वाशीमकडे निघालेला रस्ता पैनगंगा ओलांडण्याआधी कनेरगाव नाक्याला लागतो. निजामाचे हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची शीव ज्या नदीने आखली होती, तिच्या अंगाला वसलेले हे गाव. मराठवाडा इथे संपतो आणि विदर्भ सुरू होतो. अशा हमरस्त्यावरच्या गावात किराणा, कृषी केंद्र, मोबाइलचे दुकान, चहाची टपरी अशा प्रत्येक गल्ल्यासमोर आता क्यूआर कोडचा चौकोन दिसतो. क्रेडिट कार्ड खेडोपाडी पोहोचण्याची वाट याच चौकोनाने मोकळी केली. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये जाहीर केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती सोय सुरू झाली. तोवर कार्ड घासायचे यंत्र नसलेल्या दुकानात क्रेडिट कार्ड निरुपयोगी होते. आता पन्नास रुपयांची साखरही उधारीवर घेता येते आणि वर रिवॉर्ड पॉइंट मिळतात. पहिले कार्ड रुळले की दुसऱ्याचे निरोप येऊ लागतात: यावर कॅशबॅक जास्त, त्यावर खरेदीचे कूपन. दुसरे कार्ड घेण्यात चूक काहीच नाही. पण ते मागताना बहुतेक जण फक्त पॉइंट मोजतात आणि पहिल्या कार्डाच्या लिमिटचे काय करायचे हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत. माझ्या मते खरा निर्णय तोच आहे. दुसऱ्या कार्डाची मर्यादा पहिल्यावर रचायची नसते, ती पहिल्यातून कापून घ्यायची असते.

यामागचे कारण शेतकऱ्याला लवकर पटेल, कारण मर्यादा कुठून येते हे त्याने पाहिलेले असते. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाचा हिशेब उघडा असतो. कोणत्या पिकाला एकरी किंवा हेक्टरी किती कर्ज, याचा दर जिल्ह्याची समिती ठरवते. त्याला क्षेत्राने गुणायचे, पीकविम्याचा हप्ता धरायचा, त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजेसाठी १० टक्के व अवजारांच्या देखभालीसाठी २० टक्के मिळवायचे, म्हणजे पहिल्या वर्षाची मर्यादा निघते. जमीन तेवढीच असताना दुसऱ्या बँकेत जाऊन त्याच सातबाऱ्यावर पुन्हा तेवढेच पीककर्ज मिळत नाही, यात कोणाला अन्याय वाटत नाही. क्रेडिट कार्डाच्या लिमिटमागेही असाच सातबारा असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे तुमचे उत्पन्न आणि तुमच्या नावावर आधीच असलेली देणी. एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे की नवे लिमिट ठरवताना अर्जदाराला इतर ठिकाणी मिळालेली लिमिटेही विचारात घ्या, मग ती त्याने स्वतः सांगितलेली असोत वा पतमाहिती कंपनीच्या अहवालातून कळलेली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्डावरील येणे रकमेचा जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के झाला. म्हणजे तेवढ्याच उधारीमागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागू लागले. तारणाविना द्यायच्या पैशाबाबत बँका हात आखडता घेतात, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

समजा, महिना ४०,००० रुपये पगाराच्या एका कर्मचाऱ्याकडे १,२०,००० लिमिटचे कार्ड आहे आणि तो दरमहा सुमारे २५,००० त्यावर खर्च करतो. नव्या बँकेच्या नजरेला तो आज २५,००० चा देणेकरी आहे, पण उद्या सकाळी तीन पगारांइतका देणेकरी होऊ शकणारा माणूसही आहे. न वापरलेले लिमिट म्हणजे त्याच्या दृष्टीने शिल्लक, बँकेच्या दृष्टीने उघडे दार. अशा वेळी अर्ज फेटाळला जातो किंवा नाममात्र लिमिट मिळते. तीच बँक असेल तर पुष्कळदा दोन्ही कार्डांना मिळून एकच लिमिट राहते. त्यापेक्षा त्याने आपणच ठरवावे की एकूण आकडा १,२०,००० च राहील. नव्या कार्डाला ४०,००० मिळाले, तर जुने ८०,००० वर आणण्याची विनंती करावी. लिमिट कमी करून मागण्याचा मार्ग ग्राहकाला खुला असतो. वाढवायचे असेल, तर मात्र तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक ते वाढवू शकत नाही.

यावर जाणकार लगेच हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. लिमिट कमी केले की वापराचे प्रमाण वाढते आणि सिबिल स्कोअर उतरतो. २५,००० ला १,२०,००० ने भागले तर २१ टक्के येतात. लिमिट निम्मे केले तर तेच प्रमाण ४२ टक्क्यांच्या घरात जाते. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत असावे, असा ठोकताळा प्रचलित आहे. पण वरच्या उदाहरणात एकूण लिमिट जिथल्या तिथे राहिले आहे, त्यामुळे एकूण प्रमाणही २१ टक्केच राहते. प्रश्न उरतो तो क्रमाचा. अर्जाच्या आधीच जुने लिमिट छाटले, तर मधल्या काळात प्रमाण उगाच फुगते. म्हणून नवे कार्ड हाती आल्यावर त्याच्या लिमिटइतकी कात्री जुन्याला लावावी. नवे कार्ड नाकारले गेले, तर ते का, हे विचारावे. अर्ज फेटाळल्याचे नेमके कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. आधीच असलेली जादा लिमिटे हे कारण असेल, तर मात्र जुने कमी करून, तो बदल अहवालात उमटल्यावरच पुन्हा अर्ज करावा. शिवाय प्रमाण खाली आणण्याचा सोपा उपाय भागाकाराच्या वरच्या आकड्यात आहे. बिल तयार होण्याआधीच बरीचशी रक्कम भरून टाकली, तर अहवालात बाकी येणे छोटे दिसते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवावी लागू लागली, त्यामुळे भरलेल्या पैशाचा परिणाम दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. कार्डावर फ्रिज वा मोबाइलचे हप्ते चालू असतील, तर उरलेल्या मुद्दलाएवढे लिमिट अडकलेले असते. ते हप्ते संपेपर्यंत थांबणे बरे. आणि एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकणे सर्वांत वाईट, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि अर्जदार पैशासाठी दारोदार फिरतोय असे चित्र उभे राहते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. गावाकडे दवाखाना अचानक येतो, रात्रीतून नांदेड किंवा अकोला गाठावे लागते, तेव्हा मोठे लिमिटच कामी येते. ते आपल्या हाताने का कमी करायचे? या भीतीला मी हलके मानत नाही. एका कार्डावर अडीअडचणीपुरते लिमिट मोकळे ठेवावेच. पण त्याला बचतीचा पर्याय समजणे धोक्याचे आहे. बँक जोखीम वाढल्याचे पाहून लिमिट स्वतःहून घटवू शकते, आणि ज्या वर्षी पीक गेले, हप्ते थकले, त्याच वर्षी ती घटवण्याची शक्यता जास्त. त्यातून रोख काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासून लागते. मुदत ठेवीतले वीस हजार अशा रात्री लाखाच्या लिमिटपेक्षा भरवशाचे.

आता या भागातल्या वर्षाकडे पाहू, कारण कार्डाचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक जुळत नाही, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. सोयाबीनचे बियाणे-खत जूनमध्ये घ्यायचे, पैसा हाती येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तूर जानेवारीनंतर, हळद त्याहून उशिरा. कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर पन्नासेक दिवसांची. समजा, पॉइंटच्या ओढीने ५०,००० चे बियाणे-खत जूनच्या सुरुवातीला नव्या कार्डावर घेतले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोयाबीन विकून फेडले. बिल पूर्ण न भरल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून धरले जाते. महिना साडेतीन टक्के दराने पाच महिन्यांचे ८,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,५७५, एकूण १०,३२५. दरमहा किमान रक्कम भरत गेल्यास हा आकडा काहीसा उतरेल, पण प्रमाण बदलणार नाही. एक टक्का दराने पॉइंट मिळाले ५०० रुपयांचे. हीच रक्कम किसान क्रेडिट कार्डातून ७ टक्क्यांनी घेतली असती, तर पाच महिन्यांचे व्याज साधारण १,४६० रुपये. आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत मुदतीत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शेतकऱ्यावर व्याजाचा भार उरत नाही. म्हणून माझे मत ठाम आहे: पेरणीचा खर्च रिवॉर्ड कार्डाच्या लिमिटमध्ये धरूच नये. त्या कार्डाचे लिमिट दर महिन्याला येणाऱ्या पैशाच्या मापाचे असावे, हंगामाच्या मापाचे नसावे.

कोणी म्हणेल, व्याजाचा प्रश्न बिल थकवणाऱ्यांचा आहे, आम्ही पूर्ण भरतो. पूर्ण भरणाऱ्याला पॉइंट हा निव्वळ लाभ आहे, हे मान्य. त्याने फक्त आपल्या खर्चाचा पोत पाहावा. इथल्या घरात मोठा खर्च पेट्रोल-डिझेलचा, आणि इंधनावर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. विमानतळावरच्या विश्रामकक्षाची सोय वार्षिक शुल्कात मोजून घेतलेली असते. वर्षाकाठी एकदाही विमान न धरणाऱ्या घराने ते शुल्क का भरावे? महिना वीस हजारांच्या खर्चावर एक टक्का म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. दुसऱ्या कार्डाने यात किती भर पडते तेवढीच त्याची किंमत. ती पटली नाही, तर अर्जच नको. आणि पटली, तरी सर्वांत जुने कार्ड बंद करू नये, कारण पतव्यवहाराचा सर्वांत लांब इतिहास त्याच्याच नावावर असतो. त्याचे लिमिट उतरवावे आणि अधूनमधून वीजबिलापुरते वापरावे. वर्षभर वापर नसलेले कार्ड ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया बँक सुरू करू शकते. जे कार्ड खरोखर नको असेल, त्याची देणी फेडून बंद करण्याची विनंती केली, तर सात कामकाजाच्या दिवसांत ती मानली गेली पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

पगारपत्रक नसलेल्या दुकानदाराला वा हळद-सोयाबीनच्या व्यापाऱ्याला हे सगळे दूरचे वाटेल. त्याच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा सरळ मार्ग आहे: ठेव तारण, लिमिट तिच्या आतले. आणखी एक गोष्ट गावात सर्रास विसरली जाते. भावकीतल्या कोणाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला दिलेला जामीन आपल्याही अहवालात दिसतो, आणि त्याचे हप्ते थकले की आपल्या कार्डाच्या अर्जावर त्याची सावली पडते. पीककर्जाचे जुने-नवे वेळेत झाले असूनही नोंद अद्ययावत नसणे, हेही घडते. सिबिल धरून देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. चूक दिसल्यास तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. अर्जाला योग्य वेळ शोधायचीच असेल, तर ती शेतमाल विकून, पीककर्ज फेडून, जुन्या कार्डाचे बिल शून्यावर आणून, ते सारे अहवालात उमटल्यानंतरची. कृषी केंद्रात गर्दी उसळलेल्या मृगाच्या पंधरवड्यातली नव्हे.