नदीकाठच्या पायवाटा – लेखांक सहावा : घाटाखालची पूर्णा

गेल्या आठवड्यात आपण लोणारच्या विवराची कड फिरून पाहिली. २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळालेले आणि साऱ्या जगाने दखल घेतलेले ते सरोवर सोडून आज आपणास घाटाखाली, पूर्णेच्या काठी उतरावयाचे आहे. एकदा राजूरचा घाट उतरून मोताळ्याचा परिसर मागे टाकला की पुढे नदीपर्यंत चढ असा लागतच नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत, किंवा ज्यांना डोंगर चढण्याची हौस कधी नव्हतीच, त्यांच्यासाठी हा लेखांक मुद्दाम लिहिला आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग येथील प्रत्येक माणूस सहज बोलताना करतो, आणि हा भेद केवळ बोलण्यातला नव्हे. घाटावर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वळून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या आधाराने बंगालच्या उपसागरास मिळते. घाटाखालची पूर्णा बैतूल जिल्ह्यात, भैंसदेहीच्या डोंगराळ मुलखात जन्म घेऊन, अमरावती आणि अकोला ओलांडून शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांतून पश्चिमेस वाहत चांगदेवाजवळ तापीत विलीन होते, आणि तिचे पाणी अरबी समुद्राला जाते. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अंमलाखालील मुलखात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो.

हा सारा प्रदेश इतका सपाट का, हे समजून घेतल्याखेरीज येथील भटकंतीत रस वाटणार नाही. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधील भूभाग भूगर्भातील प्रस्तरभंगांमुळे खचला, आणि खचून झालेल्या त्या लांबट द्रोणीत दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून आलेल्या नद्यांनी युगानुयुगे गाळ आणून टाकला. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन, वान या उपनद्या आजही तेच काम पुढे चालवीत आहेत. सपाटी हे येथील नदीचे कर्तृत्व आहे. तिचा लाभ कापूस पिकवणाऱ्या कुणब्याने घेतला, तसाच लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्यांनीही घेतला. १८६७ मध्ये नागपुरास पोहोचलेली भुसावळकडील रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी याच मैदानावरून गेली.

भ्रमणास आरंभ करण्यास दोन जागा सोयीच्या आहेत. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना येरळीचा पूल लागतो, आणि शेगावहून वरवट बकालकडे जाताना खिरोड्याचा. दोन्ही ठिकाणी वाहनाने पुलापर्यंत जाता येते. तेथून प्रवाहाच्या बाजूने, म्हणजे सामान्यतः पश्चिमेकडे, सकाळच्या वेळी चालावे. सूर्य पाठीशी राहतो आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जात नाही. जाऊन-येऊन दोन-तीन तास पुरेत. मैलांचा हिशेब ठेवण्याची येथे गरज नाही. वाट अशी आखलेली नाहीच. पांदण, गुरांची वाट आणि शेताचा धुरा यांवरून काठ धरून जावयाचे असते, आणि वाट चुकली असे वाटले तर शेतातील माणसास विचारावे. 'भाऊ, नदीवर कोन्या वाटेनं जा लागते?' या प्रश्नाला वऱ्हाडात उत्तर मिळाले नाही असे सहसा होत नाही, आणि उत्तरापाठोपाठ बहुधा चहाचे आमंत्रणही येते.

ऋतूची निवड मात्र काटेकोरपणे करावी. पावसाळ्यात ही काळी जमीन पाणी लवकर मुरू देत नाही. शिवारात पाणी तुंबते, सारे मैदान पाणथळ होऊन जाते, आणि चिखल जोड्यांना इतका चिकटतो की दर दहा पावलांनी तो खरडावा लागतो. नदीचा भरवसा तर मुळीच धरू नये; २०२३ च्या जुलैमध्ये एका अतिवृष्टीने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांची काय अवस्था केली हे वाचकांच्या स्मरणात असेल. उन्हाळ्यात हीच जमीन फाटते. तिच्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो, आणि सावलीला बाभळीवाचून दुसरे काही नसते. तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ योग्य होय. कापसाची वेचणी चालू असते, तूर उभी असते, हरभरा घाट्यांवर येत असतो, आणि हवा स्वच्छ असल्यास उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ अखेरपर्यंत सोबत करते.

जेथे नदी वळण घेते आणि बाहेरचा काठ कापून काढते, तेथे मात्र थांबलेच पाहिजे. पुरुष-दोन पुरुष उंचीची ती उभी दरड दुरून नुसती मातीची भिंत दिसते. जवळ गेल्यावर तिच्यातील थर उलगडू लागतात. वर काळी, घट्ट, उभ्या चिरांनी दुभंगलेली माती. तिच्याखाली पिवळसर, पिठासारखा मऊ गाळ. त्यात विखुरलेले चुनखडीचे पांढरे, बोटाच्या पेराएवढे खडे. आणि मध्येच एखादी वाळूची रेषा, म्हणजे पूर्वी कधीतरी नदीचे पात्र याच जागी होते याचा पुरावा. जुन्या कचेरीतील दप्तराचे रुमाल एकावर एक रचलेले असावेत, तशी ही नदीच्या कारभाराची नोंद आहे. दरड पाहावी ती समोरच्या काठावरून किंवा बाजूने. तिच्या अगदी पायथ्याशी अथवा माथ्याच्या कडेवर उभे राहू नये, कारण ही माती पूर्वसूचना न देता कोसळते.

दरडीच्या तळाशी काही जागी पांढरट क्षार फुललेला दिसतो. ही खारपाणपट्ट्याची खूण होय. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंस साडेचार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र या पट्ट्यात मोडते. येथे विहीर खणली तर पाणी लागते. पण ते खारे असते, आणि त्यातील सोडियममुळे, असे पाणी सतत दिल्यास काळ्या मातीचे कण सुटे होऊन तिची छिद्रे बुजतात व जमीन चोपण बनते. म्हणून पायाखाली पाण्याचा साठा असूनही येथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पावसावर आणि जमिनीत साठलेल्या ओलीवर शेती केली. ओलीवर पेरलेल्या हरभऱ्याच्या त्या हिरव्या पट्ट्याकडे पाहताना एवढे ध्यानात असावे, आणि त्यातून आडवे चालत जाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

पक्ष्यांविषयी थोडक्यात सांगतो. उथळ पाण्यात लाल, लांब पायांचे शेकाटे. ओल्या वाळूवर शेपटी हलवीत धावणारे धोबी. काठावर टिटवी आणि वंचक. आणि भाग्य असेल तर डोहावर केशरी-तपकिरी चक्रवाकांची जोडी. नांदूर मधमेश्वराची गर्दी येथे नाही. प्रत्येक पक्षी सावकाश, एकेकटा पाहता येतो, आणि मला तरी हे अधिक आवडते. पाण्यात मात्र उतरू नये. वाळूच्या उपशाने पात्रात जागोजाग खोल खड्डे पडले आहेत आणि वरून ते दिसत नाहीत.

आता या लेखांकाचे खरे प्रयोजन. नांदुरा तालुक्यात जिगाव येथे पूर्णेवर मोठ्या धरणाचे काम कित्येक वर्षांपासून चालू आहे. ते पूर्ण भरेल तेव्हा खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतीला गोड पाणी मिळेल, आणि ते मिळालेच पाहिजे. या भागातील माणसाने त्याची वाट पुरेशी पाहिली आहे. तथापि, त्याच पाण्याखाली वरच्या बाजूचा काठ, त्यावरील उतार, पाणवठे, दरडी आणि अनेक गावांचे गावठाण जाणार आहे. पुनर्वसनाच्या कागदांत घरांची आणि जमिनींची मोजदाद होते. गुरे कोणत्या उताराने पलीकडे जात, बैलपोळ्याला बैल कोणत्या डोहावर धुतले जात, याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन आपापल्या गावाचा काठ एकदा पायी फिरावे, जाणत्या माणसांना बरोबर न्यावे, आणि प्रत्येक उतार, डोह व मोठे झाड गावनकाशाच्या प्रतीवर नावानिशी नोंदवून ती प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढील लेखांकात घाट चढून पैनगंगेच्या उगमाकडे जाऊ.