बटणाचा चेहरा आणि बटणाचा स्वभाव

संगणकाच्या पडद्यावरचे बटण दाबले की ते आत गेल्यासारखे वाटते. पडदा तर सपाट. मग आत जाते ते काय? १९९० साली आलेल्या विंडोज ३.० मधल्या करड्या बटणाला वर आणि डावीकडे पांढरी रेघ असे, खाली आणि उजवीकडे गडद. उजेड डाव्या कोपऱ्यातून पडतो आहे, अशी डोळ्याची समजूत होई. बटण दाबताच उजेड-सावली पालटे आणि त्यावरचा मजकूर किंचित खाली सरके. चार रेघा आणि थोडीशी हालचाल, एवढीच ती करामत.

पण हा झाला बटणाचा चेहरा. त्याला स्वभावही असतो. माउस दाबून धरल्यावर मन बदलले, तर बाण बटणाबाहेर नेऊन बोट उचलावे. काम होत नाही, चुकीला माफी मिळते. माउस नसेल तर टॅब दाबत बटणापर्यंत पोचता येते आणि स्पेस दाबून ते चालवता येते. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर त्याचे नाव वाचतो आणि ‘हे बटण आहे’ असेही सांगतो. बटण, चेकबॉक्स, ड्रॉप-डाउन यादी, सरकपट्टी या सगळ्यांना सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘कंट्रोल’ म्हणतात. त्यांना हवे ते रूप देण्याची हौस जुनी आहे. कसोटी लागते ती चेहरा बदलताना स्वभाव सांभाळण्यात.

विंडोजने यासाठी सुरुवातीच्या काळातच ‘ओनर-ड्रॉ’ नावाची सोय दिली. बटण रंगवायची वेळ आली की विंडोज ते ज्या खिडकीत बसले आहे तिला निरोप पाठवते: चौकट इथून इथवर, बटण आत्ता दाबलेले आहे, कीबोर्डचा रोख त्याच्यावर आहे. पुढचे चित्र प्रोग्रामरने काढायचे. माउस आणि कळा विंडोजच सांभाळते. पण ‘रोख त्याच्यावर आहे’ हा तपशील प्रोग्रामर विसरला, तर देखण्या बटणाभोवतीची ठिपक्यांची चौकट गायब होते आणि कीबोर्डवर काम करणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच कळेनासे होते.

१९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन आले आणि कंट्रोल ही बाजारात मिळणारी वस्तू झाली. खिडकीवर बटणे ओढून मांडायची ही पद्धत ॲलन कूपर या प्रोग्रामरच्या कामातून आलेली. तिच्यासोबत ‘व्हीबीएक्स’ नावाचे तयार सुटे भाग जोडता येत. तक्ते, कॅलेंडर, आलेख विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ज्याला स्वतःला कॅलेंडर लिहायला महिने लागले असते, तो ते विकत आणून त्याच दिवशी खिडकीत बसवू लागला.

मग हौस वापरणाऱ्यांपर्यंत पोचली. १९९७ साली आलेल्या विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला लवकरच ‘स्किन’ चढवता येऊ लागले. स्किन म्हणजे चित्रांच्या फायलींची एक झिप. मुख्य खिडकी २७५ बाय ११६ पिक्सेलची, बटणांच्या जागा ठरलेल्या, प्रत्येक बटणाची दोन चित्रे: एक सुटे, एक दाबलेले. पेंटसारखा प्रोग्राम चालवता येणाऱ्या कुणालाही लाकडी, धातूचा किंवा चित्रपटाच्या नायकाचा विनॅम्प करता येई. स्वभाव मूळ प्रोग्रामच्या हाती होता, म्हणून चित्र कितीही विचित्र काढले तरी गाणे थांबवायचे बटण गाणे थांबवतच असे.

वेबवर मात्र गोष्ट बिनसली. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ‘सिलेक्ट’ ही ड्रॉप-डाउन यादी आली, पण तिचे रूप ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीम ठरवत. डिझाइनरने दिलेले रंग-अक्षर तिच्या उघडलेल्या यादीला जेमतेम लागत. वैतागून लोकांनी ‘डिव्ह’ या साध्या चौकटीतून नक्कल उभी केली. दिसायला झकास. पण खऱ्या यादीत बाणाच्या कळांनी वर-खाली जाता येते, ‘म’ टाइप केला की ‘म’ने सुरू होणाऱ्या नावावर उडी मारता येते, एस्केपने यादी मिटते, मोबाइलवर मोठी सोयीची यादी उघडते. नकलेत यातले प्रत्येक काम नव्याने लिहावे लागते, आणि बहुतेकदा ते लिहिलेच जात नाही.

२०१४ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘एरिया’ या मानकामुळे अशा चौकटीला ‘मी बटण आहे’ असे स्क्रीन रीडरला सांगता येऊ लागले. पण ते नुसते सांगणे आहे. एन्टर दाबल्यावर काय व्हावे, हे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले नसेल तर बटण म्हणून ऐकू येते आणि बटणासारखे वागत मात्र नाही. म्हणूनच मूळ घटक मिळत असेल तर तोच वापरावा, असा त्या मानकाच्या कर्त्यांचाच सल्ला आहे.

या गुंत्याची उकल डेस्कटॉपवर आधीच सापडली होती. २००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या प्रोग्रामच्या खिडक्या बांधण्याच्या साधनात कंट्रोलचे वागणे एकीकडे आणि त्याचा साचा दुसरीकडे ठेवलेला असतो. साचा पूर्ण बदलला तरी वागणूक जागच्या जागी राहते. वेबला त्या वाटेवर यायला वेळ लागला. २०२१ पासून ‘ॲक्सेंट-कलर’ या एका ओळीत खऱ्या चेकबॉक्सचा रंग बदलता येऊ लागला. २०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीत खुद्द सिलेक्टलाच हवे ते रूप देण्याची सोय आली. पर्यायांशेजारी चित्रेही ठेवता येतात, आणि जुन्या ब्राउझरमध्ये तीच यादी निमूटपणे साध्या रूपात दिसते.

मराठी वाचकाला चेहरा आणि स्वभाव यांचा हा प्रश्न रोज भेटतो. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने पक्की केली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. इंग्रजी शब्द ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमध्ये दिलेले अंतर मराठीत शिरोरेषेचे तुकडे करते. उंची मजकुरावर सोपवली आणि ते अंतर काढून टाकले, की ‘पूर्ण’ हा शब्द पूर्ण दिसतो.

अंकांचेही तसेच. जावास्क्रिप्टमधली अंक ओळखण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक जाणते. पिन कोडच्या रकान्यात कुणी देवनागरीत ४११०३० लिहिले, तर तिच्यावर विसंबलेली तपासणी ‘अंक लिहा’ म्हणून त्याला अडवते. युनिकोडमध्ये देवनागरीचे दहा अंक ० पासून ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की त्याची किंमत हाती येते. तपासणीआधी दोन-तीन ओळींत हे उरकले, तर सदाशिव पेठेतला माणूस आपल्या अंकांत पिन कोड लिहितो, टॅब दाबतो आणि पुढच्या रकान्यात जातो.