४७ पानं आणि एक राजा

१७७५ची अमेरिका बघा. एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला वसाहतवाल्यांची इंग्रज फौजेशी चकमक झाली, माणसं मेली. आणि जुलैमध्ये हेच वसाहतवाले राजा तिसऱ्या जॉर्जला अर्ज लिहितात: महाराज, आम्ही तुमचेच! चूक मंत्र्यांची, पार्लमेंटची. राजा मात्र भला. लढाई पेटली होती, तरी स्वातंत्र्य उघडपणे मागणारे थोडेच होते.

मग १० जानेवारी १७७६ला फिलाडेल्फियात ४७ पानांची एक पुस्तिका निघाली: ‘कॉमन सेन्स’. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. तो होता टॉमस पेन. कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, इंग्लंडच्या अबकारी खात्यातून दोनदा काढलेला, अमेरिकेत येऊन जेमतेम तेरा महिने झालेला!

या उपऱ्यानं केलं काय? इतर लेखक करांचे कायदे आणि सनदा पिंजत बसले होते. पेननं थेट विचारलं, पहिला राजा राजा झालाच कसा? नॉर्मंडीचा विल्यम हत्यारबंद टोळी घेऊन आला आणि इंग्लंड बळकावून बसला, मग त्याच्या वंशात पवित्र ते काय? बरं, बापाच्या अंगची लायकी मुलात उतरेलच, याची हमी कोण देणार?

पुढे तर कमालच. घरोघरी वाचलं जाणारं बायबल त्यानं हाती घेतलं. इस्राएली लोक राजा मागतात आणि संदेष्टा शमुवेल त्यांना बजावतो, पस्तावाल! मुरलेला कीर्तनकार ओळखीच्या आख्यानातून आजच्या गोष्टीवर येतो ना, तसंच हे. आणि त्याचा पुढचा सवाल: एका बेटानं अख्ख्या खंडावर राज्य करायचं, हा कुठला न्याय?

नुसता आवेशही नाही हं. पुढच्या आवृत्तीत चक्क आरमाराचा हिशेब आहे: १०० तोफांचं जहाज, खर्च ३५,५५३ पौंड. बंडाच्या पुस्तिकेत अंदाजपत्रक! ‘आपल्याला झेपेल का?’ या भीतीवर याहून चांगला उतारा कोणता?

नशीबही जोरावर होतं. त्याच सुमारास राजाचं भाषण शहरात पोहोचलं. त्यात वसाहतवाल्यांवर थेट बंडखोरीचा ठपका होता. पुस्तिका हातोहात खपली, चारचौघांत मोठ्यानं वाचली गेली. ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. एकट्या पेनमुळे नव्हे. पण राजाची भीड त्यानंच मोडली. आपल्या वाट्याचा नफा त्यानं सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला, आणि नफ्यावरून छापखानावाल्याशी त्याचं कडाक्याचं भांडणही झालं.

पेनचं नंतरचं ‘राइट्स ऑफ मॅन’ १८४७च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांनी वाचलं. जन्मानं मोठेपण कसं मिळतं, हा सवाल त्यांनी इथल्या जातींना विचारला.