लांबचा प्रवास, छोटा प्रवासी

चेन्नईहून पुण्या-मुंबईकडे निघालेल्या गाडीत तीन-चार वर्षांचे मूल बरोबर असले की आईबाबांची खरी परीक्षा सुरू होते. थोडी पूर्वतयारी केली, तर हाच प्रवास मुलासाठी आनंदाची शाळा ठरू शकतो.

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की चेन्नईतल्या मराठी घरांमध्ये एकच लगबग उडते. आजोबांसाठी फिल्टर कॉफीची पूड, काकूंसाठी कांचीपुरमची साडी, आत्याच्या मुलांसाठी मुरुक्कू, असे सगळे आठवणीने बॅगेत जाते. एका गोष्टीची तयारी मात्र बहुतेक घरांत राहूनच जाते. बरोबरच्या चिमुरड्याला गाडीत चोवीस तास रमवायचे कसे?

चेन्नई ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे १,२८० किलोमीटर आहे. बँकेत किंवा संगणक कंपन्यांत नोकरीला आलेली कुटुंबे असोत, की सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी दक्षिणेत स्थिरावलेली घरे असोत, गावी जायचे म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र प्रवासात जाते. पहिला तास खिडकीच्या कौतुकात सरतो. दुसऱ्या तासाला बिस्किटांचा पुडा फुटतो. तिसऱ्या तासाला किरकिर सुरू होते आणि चौथ्या तासाला वैतागलेले बाबा मुलाच्या हाती मोबाइल देऊन मोकळे होतात.

यात बिघडते काय, असे कुणी विचारील. बिघडते ते असे, की चेन्नईत वाढणारे हे मूल शाळेत आणि शेजारीपाजारी तमिळ ऐकते, बोलते. समोरच्या बर्थवरच्या वृद्ध बाईंना ते सहज ‘पाट्टी’ म्हणते. त्यात कौतुकच आहे! पण चोवीस तासांनी ज्या आजीच्या कुशीत त्याला शिरायचे आहे, तिच्याशी बोलायला त्याच्याजवळ शब्द हवेत. एरवी आईबाबा ऑफिस, स्वयंपाक आणि वाहनांच्या गर्दीत अडकलेले असतात. दोघेही दिवसभर मोकळे आणि मुलाच्या हाताशी असतात, असा दिवस वर्षातून किती वेळा येतो? प्रवासाचा दिवस हा तसा दिवस असतो. तो पडद्याच्या हवाली करणे म्हणजे हातचे गमावणे होय.

मूल का कंटाळते?

लहान मुलाचे लक्ष एका गोष्टीवर फार वेळ टिकत नाही. त्याच्या शरीराला सतत हालचाल हवी असते आणि गाडीत तर ‘बस’, ‘हात लावू नकोस’, ‘खाली उतरू नकोस’ एवढेच त्याच्या कानी पडते. मोठी माणसे गप्पा मारतात, वाचतात, पत्ते खेळतात. या साऱ्यात त्याला वाटा मिळत नाही. म्हणून त्याला नुसते खेळणे देऊन भागत नाही, त्याला काम द्यावे लागते.

पाण्याची बाटली सांभाळणे, चहावाला आला की बाबांना सांगणे, जेवताना सर्वांना कागदी रुमाल वाटणे, पुढचे स्टेशन आले की आईला उठवणे ही कामे तीन वर्षांचे मूलही हौसेने करते. दर तासाला, गाडी चालू असताना, हात धरून त्याला डब्याच्या बोळातून एक फेरी मारून आणावी. पाय मोकळे झाले की पुढचा अर्धा तास ते शांत बसते.

तयारी घरापासूनच सुरू करावी. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस खुर्च्या एकामागे एक मांडून गाडी-गाडी खेळावे. तिकीट तपासनीस कोण, प्रवासी कोण, आता झोपायची वेळ झाली, असे सगळे खेळून झालेले असले की खरी गाडी मुलाला परकी वाटत नाही. नकाशावर बोटाने वाट दाखवून ‘एकदा झोपायचे आणि उठलो की थोड्या वेळाने आजी’ असे सांगितले, तर ‘कधी येणार?’ हा प्रश्न पन्नास वेळा येण्याऐवजी दहा वेळा येईल!

खिडकी हेच मोठे खेळणे

या मार्गावरच्या प्रवाशांना एक खेळ फुकट मिळालेला आहे. तो म्हणजे स्टेशनांच्या पाट्यांचा. चेन्नईहून निघाल्यावर अरक्कोणम, तिरुत्तणीपर्यंत पाट्यांवर तमिळ अक्षरे दिसतात. पुढे रेणिगुंटा, कडप्पा, गुंतकल येथे गोल गोल तेलुगू अक्षरे येतात. रायचूर, यादगीर, कलबुर्गी येथे कन्नड लिपी भेटते. मग दुधनी, अक्कलकोट रोड, सोलापूर येथे मराठी! अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ‘अक्षरे बदलली का रे?’ असे विचारता येते. कोणते अक्षर जिलबीसारखे दिसते, कोणते काठीसारखे, हे ते मजेत सांगते. पाच-सहा वर्षांचे मूल असेल, तर त्याला वहीत प्रत्येक लिपीतले एक अक्षर चित्रासारखे काढायला सांगावे. आजीला दाखवायला ‘चार लिप्यांची वही’ आपोआप तयार होते.

दुसरा खेळ नद्यांचा. रायचूरच्या अलीकडे तुंगभद्रेवरचा पूल लागतो, पलीकडे कृष्णेवरचा आणि यादगीरजवळ भीमेवरचा. कृष्णा नावाचे तर एक स्टेशनच आहे. सांगली-मिरजेला आजोळ असलेल्या मुलाला सांगावे, की आजोळी घाटावरून दिसते ती हीच कृष्णा, महाबळेश्वरहून निघून इथवर चालत आली आहे. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजेच ही भीमा, हे कळल्यावर आजोबांची वारीची गोष्ट सांगायला निमित्त मिळते. पुण्यापुढे मुंबईला जायचे असेल, तर लोणावळा-कर्जत घाटातले वीसहून अधिक बोगदे मोजण्याचा खेळ आहेच. दमून गेलेले मूलही प्रत्येक अंधाराला आनंदाने ओरडते.

मोठ्या मुलांना थोडा इतिहासही रुचतो. दक्षिण भारतातली पहिली प्रवासी गाडी १८५६ मध्ये मद्रासच्या रोयापुरम स्टेशनातून सुटली. मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि मद्रासकडून आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला एकमेकांना मिळाले. ‘आपण आता जिथे उभे आहोत, तिथे दोन्ही वाटा भेटल्या’ असे रायचूरला सांगितले, की त्या स्टेशनला एकदम महत्त्व येते.

मात्र कोणते स्टेशन उजेडात येते आणि कोणते मध्यरात्री, हे गाडीच्या वेळेवर अवलंबून असते. वेळापत्रक आधी पाहून दिवसा येणारी सात-आठ स्टेशने कागदावर लिहून ठेवावीत. स्टेशन गेले की मुलाने त्यापुढे टिकली चिकटवायची. घराघरांत असलेल्या टिकल्यांच्या पाकिटाचा याहून चांगला उपयोग कोणता?

पोतडीत काय असावे?

खेळण्यांची वेगळी कापडी पिशवी करावी आणि ती आईच्या ताब्यात असावी. सगळी खेळणी एकदम बाहेर काढू नयेत. पहिले दोन तास पिशवी उघडूच नये, मग एका वेळी एकच वस्तू काढावी. जुनेच खेळणे महिनाभर लपवून ठेवले, तर तेही नव्यासारखे वाटते.

चेन्नईत राहणाऱ्यांना खेळण्यांची वाण नाही. आपल्या भातुकलीसारखेच तमिळनाडूत रंगीत लाकडी ‘चोप्पु सामान’ मिळते. चिमुकली चूल, भांडी, जाते बर्थवर मांडले की तासभर स्वयंपाक चालतो. ‘पल्लांगुळी’ हा चौदा खड्ड्यांच्या पाटाचा खेळ कवड्या किंवा चिंचोके वाटत वाटत खेळतात. त्यात मूल नकळत मोजायला शिकते. ‘आडु पुलि आट्टम’ म्हणजे आपला वाघ-बकरीचा खेळ. त्याचा पट कागदावर आखून बटणांनीही खेळता येतो. पण लक्षात ठेवावे, चिंचोके, कवड्या, बटणे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मुळीच देऊ नयेत. गाडीच्या हिसक्यात ती घशात अडकू शकतात.

दीड-दोन वर्षांच्या बाळाला तर खेळणेही लागत नाही. झाकण उघडता-लावता येणारा डबा, रंगीत ओढणी, तीन वाट्या एवढे पुरते. तीन वर्षांपुढच्या मुलासाठी तेलकट खडू, कोरी वही आणि कणकेचा घट्ट गोळा घ्यावा. पेन्सिल टोकदार असते, चालत्या गाडीत ती नको.

पुस्तके तर हवीतच. चेन्नईच्याच ‘तूलिका’ या १९९६ साली सुरू झालेल्या प्रकाशनाची चित्रमय बालपुस्तके मराठीतही निघतात. आजच्या आजी-आजोबांच्या पिढीने वाचलेला ‘चांदोबा’सुद्धा मद्रासहूनच निघत असे! १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या ‘चांदामामा’ची ती मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. आता तो अंक निघत नाही, पण जुने अंक कपाटात असतील तर एखादा जरूर बरोबर घ्यावा. विक्रम आणि वेताळाची गोष्ट गाडीच्या ठेक्यावर फार रंगते.

मोबाइल किती, कसा?

मोबाइल घरीच ठेवा, असा सल्ला कुणी पाळणार नाही. पण मर्यादा हवी. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींचे म्हणणे असे, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको. प्रवासात हा एक तास एकदम खर्चू नये. संध्याकाळी मूल सर्वांत जास्त किरकिरते, तेव्हासाठी तो राखून ठेवावा.

मोबाइलचा याहून चांगला उपयोग कानांसाठी होतो. निघण्यापूर्वी आठवडाभर आजी-आजोबांना फोन करून दोन-तीन गोष्टी, ओव्या, बडबडगीते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून मागवावीत. रात्री दिवे मालवल्यावर पडदा बंद ठेवून हळू आवाजात ती लावावी. गावी पोहोचल्यावर तो आवाज मुलाला ओळखीचा वाटतो आणि ‘ये रे बाळा’ म्हटल्यावर ते आईच्या पदराआड लपत नाही. आगीनगाडीचे गाणे तर सर्वांना ठाऊक आहेच. ते लिहिणारे गदिमा आटपाडी तालुक्यातलेच, हे त्या भागातल्या कुटुंबांनी मुलांना अभिमानाने सांगावे.

खाऊ आणि पोट

भुकेले मूल आणि अति खाल्लेले मूल, दोन्ही सारखीच रडतात. म्हणून खाऊ थोडा थोडा, ठरावीक वेळाने द्यावा. तमिळ घरांत प्रवासासाठी ‘कट्टु सादम’, म्हणजे बांधून न्यायचा भात करतात. चिंचेचा पुळियोदरै मोठ्यांसाठी आणि दहीभात मुलांसाठी. दहीभात करताना भात मऊ शिजवून, दूध जास्त आणि विरजणापुरते दही घालावे, म्हणजे दुपारपर्यंत तो आंबट होत नाही. मात्र उन्हाळ्यात तो दुपारच्या जेवणातच संपवावा. पुढच्या जेवणांसाठी आपली दुधातली दशमी, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे आणि केळी उत्तम. तळलेले आणि फार गोड पदार्थ प्रवासात टाळावेत. पाणी घरून उकळून न्यावे किंवा सीलबंद घ्यावे. ओआरएसची दोन पाकिटेही जवळ असू द्यावीत.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. मूल गाडीत झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध देण्याचा ‘उपाय’ कुणी सुचवतात. तो धोक्याचा आहे. डॉक्टरांनी दिल्याखेरीज असे औषध मुलाला देऊ नये.

रात्र आणि सुरक्षितता

पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ न घेतल्यास रेल्वेचे भाडे पडत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ न घेतल्यास अर्धे आणि घेतल्यास पूर्ण भाडे लागते. रात्रीच्या प्रवासात मोठ्या मुलासाठी बर्थ घेण्यातच शहाणपण आहे. लहान मुलाला खालच्या बर्थवर भिंतीच्या बाजूला झोपवून आईने किंवा बाबांनी कडेला झोपावे. वरच्या बर्थवर त्याला एकटे ठेवू नये. घरची चादर आणि नेहमीची उशी असली की परक्या जागीही झोप लागते.

मुलाच्या खिशात आईबाबांचा फोन क्रमांक लिहिलेला कागद असावा. स्टेशनात गाडी थांबली की मुलाचा हात धरलेला असावाच. चहाच्या किटलीपासून आणि खिडकीच्या शटरपासून त्याला दूर ठेवावे. रेल्वेची मदत १३९ क्रमांकावर मिळते आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही पाठ असलेले बरे.

मोटारीने जाणाऱ्यांनी दर दोन तासांनी थांबावे आणि मुलाला मांडीवर न घेता त्याच्या आसनावर पट्टा लावून बसवावे. चौदा वर्षांखालील मुलाला असे न बसवल्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आहे. वळणाच्या रस्त्यावर पुस्तक किंवा मोबाइल दिला, तर दोन वर्षांपुढच्या मुलांना हमखास मळमळते. तेव्हा गाणी आणि कोडीच बरी. विमानात चढता-उतरताना बाळाला पाजावे किंवा घोट घोट पाणी द्यावे, कान दुखत नाहीत.

आणि एवढे सगळे करूनही मूल मध्येच भोकाड पसरेल. तेव्हा ओशाळून जाण्याचे किंवा त्याला धपाटा घालण्याचे कारण नाही. समोरच्या प्रवाशाला हसून ‘थोडे सांभाळून घ्या’ म्हणावे. बहुतेक वेळा समोरच्याही पिशवीतून एखादा लाडू निघतो आणि तमिळ पाट्टी आणि मराठी बाळ यांची दोस्ती जमते.

मुलांना प्रवासातले पुढे काय आठवते? गाडी किती उशिरा पोहोचली हे नाही. बाबांनी नदी दाखवली, आईने गोष्ट सांगितली, हे त्यांच्या मनात राहते. या सुट्टीत तिकिटांबरोबर ती कापडी पिशवीही तयार ठेवा. आजीच्या दारात उतरणारे मूल सांगण्यासारखे पुष्कळ काही घेऊन उतरेल आणि ते मराठीत सांगेल.